बारा बाइट सोडून पुढचे दोन

थोडं स्थिर बसावं. दुरुस्ती करायची आहे, पण हात एवढ्यात कीबोर्डवर नकोत. मांडीवर असू द्यावेत. पडद्यावर चाचणीचा निकाल हिरवा आहे. काही बिघडल्याचं दिसत नाही. आज घाई नको, ती एवढ्याचसाठी.

आधी एक पॅकेट मनासमोर आणू या. तारेवरून आलेलं, लिनक्सच्या कर्नलच्या उंबऱ्याशी थांबलेलं. त्याचे बाइट मोजू. पहिले सहा म्हणजे ज्याच्याकडे जायचं त्याचा पत्ता. श्वास आत. पुढचे सहा म्हणजे ज्याने धाडलं त्याचा पत्ता. श्वास बाहेर. बारा झाले. आता फक्त दोन बाइट, आणि आजचं सगळं मनन या दोघांवरच आहे. षोडशमान पद्धतीत ते असे दिसतात: ०८ ००. त्यांचं सांगणं एवढंच, की आमच्या मागून येतंय ते आयपी आवृत्ती चारचं पॅकेट.

क्षणभर इथेच थांबू. आधी ०८, मग ००. तारेवर हा क्रम ठरलेला आहे: मोठ्या स्थानाचा बाइट पुढे.

आता चाळणीकडे वळू. १९९२च्या डिसेंबरात स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत बीपीएफ या पॅकेट-चाळणीवरचा निबंध लिहिला. कल्पना साधी होती, आणि मला ती आजही सुंदर वाटते. नको असलेलं पॅकेट वर, वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत, नकलून न्यायचंच कशाला? ते कर्नलमध्येच, जिथे आहे तिथेच चाळावं. त्यासाठी त्यांनी एक छोटं काल्पनिक यंत्र कल्पिलं: एक संचयक, एक निर्देशांक आणि मोजक्या आज्ञा. उडी मारायची तर पुढेच, मागे नाही. त्यामुळे प्रोग्राम अडकून राहण्याचा प्रश्नच उरत नाही. शेवटी एक आकडा परत येतो. शून्य आला तर पॅकेट टाकून द्यायचं, नाहीतर तेवढे बाइट ठेवायचे.

त्या जुन्या यंत्रातला एक बारकावा आपल्या कामाचा आहे. दोन बाइट उचलण्याची त्याची आज्ञा, उचलता उचलताच त्यांना संगणकाच्या आपल्या क्रमात लावून देत असे. लिहिणाऱ्याला क्रमाची चिंता नव्हती. २०१४मध्ये आलेल्या ईबीपीएफमध्ये, म्हणजे बीपीएफच्याच विस्तारित रूपात, आपण चाळणी सी भाषेत लिहितो, पॅकेटच्या स्मृतीत थेट हात घालतो, आणि ते दोन बाइट जसे पडले आहेत तसेच हाती येतात. जे काम आज्ञा मुकाट्याने करत होती, ते आता माणसाच्या लक्षात राहायला हवं.

कर्नलमधला व्हेरिफायर इथे मदतीला येत नाही. चाळणी पॅकेटच्या कडेपलीकडे वाचत नाही ना, ती संपते ना, हे तो काटेकोर तपासतो. पण वाचलेल्या आकड्याचा अर्थ बरोबर लागला का, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. ते कळायला चाचणी असते.

तर ती चाचणी डोळ्यांपुढे घेऊ. २०१७पासून कर्नलमध्ये अशी सोय आहे, की आपण हाताने रचलेलं पॅकेट चाळणीला द्यावं आणि तिचं उत्तर परत घ्यावं. समजा, चाचणीत त्या दोन बाइटांसाठी कुणीतरी लिहिलंय: प्रकार बरोबर २०४८. षोडशमानात तेच ०८००. चाळणीतही लिहिलंय: प्रकार २०४८ असेल तर घे. दोन्ही ओळी एकाच हाताच्या, बहुधा एकाच दुपारच्या. वाचताना खटकत नाहीत. पण 'एचटॉन्स' दोन्हीकडे राहून गेलंय. यंत्राच्या क्रमातून तारेच्या क्रमात नेणारं ते छोटंसं फंक्शन.

आता सावकाश चालू. आपल्या मेजावरचा संगणक लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतो. २०४८ लिहिताच स्मृतीत पडले ०० ०८. चाळणीने ते दोन बाइट उचलले आणि आपल्याच रीतीने वाचले: २०४८. जुळले. हिरवा.

हीच चाचणी आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर नेऊ. तिथे मोठ्या स्थानाचा बाइट आधी. स्मृतीत पडले ०८ ००, वाचले २०४८. जुळले. तिथेही हिरवा.

आणि आता तारेवरून खरं पॅकेट येऊ द्यावं, आपल्या मेजावरच्या संगणकाकडे. ०८ ००. चाळणी वाचते: ८. आठ म्हणजे २०४८ नव्हे. खरं पॅकेट परत फिरतं, आणि निकाल हिरवाच राहतो.

इथे हवा तितका वेळ बसावं. मला स्वतःला या जागेवरून पटकन उठवत नाही. वाण्याची जुनी तागडी आठवावी. माल घालण्याआधी तो पारडी रिकामी धरायचा, काटा मध्यावर आहे का बघायचा, आणि फरक असेल तर हलक्या बाजूला पासंग बांधायचा. आपल्या चाचणीचा काटा मध्यावर आहे खरा, पण दोन्ही पारड्यांत एकाच मापाची चूक बसली आहे, म्हणून. एका बाजूला चुकीचं पॅकेट, दुसऱ्या बाजूला चुकीची चाळणी. त्यांचं आपसात पटतं. तारेशी मात्र कुणाचंच पटत नाही.

ज्याने हे लिहिलं त्याच्याविषयी मनात काही कठोर येत असेल, तर आपल्याच भाषेकडे बघावं. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी, पाच नंतर. तोंडाचा क्रम एक, हाताचा दुसरा. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद पेटला होता. बोलणं आणि लिहिणं यांतला हा उलटा क्रम लहान मुलांना अडखळवतो, हे गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. संगणकवाल्यांचा वादही याच जातीचा. १९८० साली डॅनी कोहेन यांनी त्यावर लिहिताना अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून भांडणाऱ्या लिलिपुटच्या लोकांची आठवण काढली आणि दोन्ही पक्षांची नावं तिथूनच घेतली. कोणता क्रम श्रेष्ठ, हा प्रश्न नाहीच. दोघांत काय ठरलंय, एवढाच प्रश्न आहे. सवयीचा क्रम डोळ्याला दिसत नाही. माझ्याही डोळ्याला नाही.

आता हात कीबोर्डवर आणावेत.

चाचणीत 'एचटॉन्स' घालून भागेल, पण मला दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते. पॅकेट आकड्यांनी रचूच नये, बाइटांनी रचावं. एकेक, तारेवर पडतात तसे: ०८, मग ००. मग चाचणीचा हात आणि चाळणीचा हात एकाच साधनावर राहत नाहीत. कर्नलच्या जुन्या टेस्ट-बीपीएफ मॉड्यूलमध्ये, बाविसाव्या पोर्टच्या चाळणीच्या चाचणीत, पॅकेट असंच बाइट-बाइट मांडलेलं आहे. वाचायला कंटाळवाणं, पण त्यात समजुतीला जागा नाही.

एवढाच बदल करून थांबावं. चाळणीला अजून हात लावू नये. चाचणी चालवावी.

लाल.

हा लाल रंग नीट बघून घ्यावा. ही चाचणी पहिल्यांदाच काहीतरी सांगते आहे. आता चाळणीत 'एचटॉन्स' घालावं, पुन्हा चालवावं, हिरवा येऊ द्यावा. पाठवताना दोन्ही बदल एकाच पॅचमध्ये ठेवावेत, म्हणजे मधल्या अर्ध्या वाटेवर कुणाची चाचणी लाल राहणार नाही. खाली 'फिक्सेस'ची ओळ लिहावी: ज्या कमिटमध्ये चूक शिरली तिच्या ओळखक्रमांकातली निदान पहिली बारा अक्षरं आणि तिचं शीर्षक. त्या ओळीत माणसाचं नाव नसतं. मला ही रीत फार आवडते.

उठण्याआधी आणखी एक पॅकेट रचावं. सहा बाइट, सहा बाइट, मग ०८ ०६. हे एआरपी. पहिला बाइट तोच, दुसरा वेगळा. आपल्या चाळणीने हे घेता कामा नये. चालवावं, आणि उत्तर शून्य येतंय का, ते बघावं.