कर्मक्षेत्रातील समदर्शन

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला श्लोक अंध राजा धृतराष्ट्राच्या मुखातून आला आहे. कुरुक्षेत्रावर जमलेल्या दोन्ही पक्षांविषयी तो संजयाला विचारतो, आणि विचारतानाच आपल्या पुत्रांना ‘मामकाः’, म्हणजे ‘माझे’, असे म्हणून पांडवांना निराळे काढतो. वस्तुतः पांडव हे त्याच्या धाकट्या भावाचे पितृहीन पुत्र होते व त्याच्याच छत्राखाली वाढले होते. राजा या नात्याने दोघांचेही पालकत्व त्याच्याकडे सारखेच होते. त्या क्षणी पांडवांचा उपमर्द करावा असा त्याचा हेतू दिसत नाही. वर्षानुवर्षे मनात जे मुरले होते तेच सहज जिभेवर आले. आपपरभावाचे खरे स्वरूप असेच असते. तो पुष्कळदा द्वेषाच्या रूपाने येत नाही, सवयीच्या रूपाने येतो. म्हणूनच तो ज्याच्या मनात वसतो त्यालाच दिसत नाही.

राज्य हे धृतराष्ट्राचे कर्मक्षेत्र होते. आजच्या गृहस्थाचे कर्मक्षेत्र म्हणजे त्याची कचेरी, पेढी, कारखाना, शाळा किंवा रुग्णालय होय. तेथे मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे, निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे, स्त्रिया व पुरुष, तरुण व वयस्क एकाच छपराखाली काम करितात. तेथे अधिकारपदावर असलेल्या एखाद्या सज्जन गृहस्थाची कल्पना करावी. तो लाच घेत नाही. गीतेचा एक अध्याय वाचल्यावाचून अन्नग्रहण करीत नाही. एका जागेसाठी त्याच्यापुढे दोन अर्ज येतात. दोघांची योग्यता सारखीच; परंतु एकाचे आडनाव ओळखीचे, गाव शेजारचे आणि बोलण्याची ढब घरच्यासारखी असते, तर दुसऱ्याचे आडनाव अपरिचित व उच्चार वेगळा असतो. अधिकारी म्हणतो, ‘‘पहिला मुलगा आपल्या येथे चांगला रुळेल.’’ आपण गुण पाहिला, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने आपलेच प्रतिबिंब पाहिलेले असते. दुसरा तरुण घरी परततो. आईने विचारले तर सांगावयास त्याच्यापाशी कारणही नसते. कोणी त्याचा अपमान केला नाही, कोणी त्याला कटू शब्द बोलले नाही. तरीही एका घराची आशा त्या दिवशी मावळते.

हा केवळ कल्पनेचा खेळ आहे असे कोणी समजू नये. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांत आलेल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या योग्यतेचे अर्ज पाठविण्यात आले. भेद होता तो नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याच्या संधीचे प्रमाण १०० धरले, तर दलित नावाला ते सुमारे ६७ आणि मुसलमान नावाला सुमारे ३३ आढळले. ते अर्ज बाजूला सारणारे सर्वच लोक दुष्ट होते काय? त्यांच्यापैकी कित्येकांनी तर आपण जातपात मानीत नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले असते.

मग हा भेद बसतो कोठे? तिसऱ्या अध्यायाच्या ३४व्या श्लोकात भगवान सांगतात की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेले आहेत, आणि साधकाने त्यांच्या आहारी जाऊ नये. भगवंतांनी या दोघांचे स्थान इंद्रियांच्या विषयांतच सांगितले, ही गोष्ट फार मोलाची आहे. विचार सुरू होण्यापूर्वीच डोळ्याने आवडनिवड केलेली असते. बुद्धी मागाहून येऊन तिला कारणे पुरविते. याच अध्यायाच्या ३८व्या श्लोकात धुराने झाकलेल्या अग्नीचा आणि धुळीने झाकलेल्या आरशाचा दृष्टांत आहे. आरशावर धूळ कोणी मुद्दाम टाकीत नाही, ती आपोआप साचते. परंतु पुसावी मात्र मुद्दामच लागते.

आधुनिक शास्त्रही याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. मनुष्याच्या नेत्रात जेथून दृष्टीची नाडी मेंदूकडे जाते, तेथे एक बिंदू असा असतो की त्यावर पडलेली प्रतिमा दिसत नाही, आणि ती दिसत नाही हेही कळत नाही. सिकंदराबाद येथे जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ महझरीन बानाजी यांनी आपले सहकारी अँथनी ग्रीनवाल्ड यांच्यासह २०१३ साली लिहिलेल्या ग्रंथाला या आंधळ्या बिंदूचेच नाव दिले. भल्या माणसांच्या मनातही न कळत वसणारे पूर्वग्रह हा त्यांचा विषय आहे. धृतराष्ट्राचे अंधत्व अशा प्रकारे थोडेबहुत प्रत्येक डोळ्यात आहे. हे ऐकून कोणी खिन्न होण्याचे कारण नाही. परंतु ‘माझ्यात तो दोष नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र कोणालाही उरत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील कौशिक ब्राह्मणाची कथा याची साक्ष देते. कौशिक वेदसंपन्न व तपस्वी होता. भिक्षेसाठी एका दारी गेला असता पतिसेवेत गुंतलेल्या गृहिणीने त्याला थांबविले, तेव्हा तो संतापला. त्या साध्वीने त्याच्या क्रोधाचे मर्म ओळखून त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठविले. कौशिक तेथे पोहोचला तो व्याध मांसाच्या दुकानी ग्राहकांत वेढलेला होता. कौशिक दूर एका बाजूस उभा राहिला. व्याधाने स्वतः उठून त्याचा सत्कार केला. तरीही शिकावयास आलेल्या या विद्वानाने आरंभीच सांगितले ते हेच, की हे कर्म तुम्हांस शोभत नाही. गुरू समोर उभा असताना शिष्याला दिसला तो त्याचा धंदा! पुढे त्याच व्याधाकडून त्याने धर्माचे सूक्ष्म तत्त्व ऐकले आणि घरी टाकून आलेल्या वृद्ध मातापित्यांच्या सेवेसाठी तो नम्र होऊन परत गेला. त्याला ज्ञान मिळाले ते एका गृहिणीकडून आणि एका व्याधाकडून. त्याच्या डोळ्यांवर सोपविले असते तर ही दोन्ही दारे त्याने ओलांडली नसती. आजही किती कचेऱ्यांत उत्तम सल्ला देऊ शकणारी व्यक्ती, ती स्त्री आहे, अल्पशिक्षित आहे अथवा तिचे उच्चार ग्रामीण आहेत एवढ्यावरून, न विचारताच राहत असेल!

येथे एक शंका संभवते. सर्वांना समान पाहावयाचे तर भेदांकडे डोळेझाक करावयाची काय? पाचव्या अध्यायाच्या १८व्या श्लोकात विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने हीन लेखलेला मनुष्य या सर्वांच्या ठिकाणी ज्ञानी पुरुष समदृष्टी असतो, असे सांगितले आहे. ज्ञानी हत्तीला गाय समजत नाही. दोघांत वसणाऱ्या एकाच परमात्म्याला ओळखतो. अठराव्या अध्यायाच्या २०व्या श्लोकातील सात्त्विक ज्ञान हेच होय, विभक्तांत अविभक्ताला पाहणारे. उलट २२व्या श्लोकात वर्णिलेले तामस ज्ञान एका अंशालाच सर्वस्व मानून बसते. आडनावावरून, वेषावरून किंवा उच्चारावरून संपूर्ण मनुष्याची परीक्षा करणे हे त्याच जातीचे ज्ञान आहे.

भेदांचा आदर कसा असावा, हेही गीतेने पहिल्याच अध्यायात दाखविले आहे. भगवंतांचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. प्रत्येकाचा शंख निराळा व प्रत्येकाला स्वतंत्र नाव. सर्वांनी एकच शंख वाजवावा असा आग्रह कोणी धरला नाही. तरी सर्वांचा मिळून जो घोष उठला त्याने पृथ्वी व आकाश दुमदुमले. ज्या कचेरीत सर्वजण एकाच गावचे आणि एकाच वळणाचे असतात, तेथे सर्वांची चूकही एकच असते आणि ती दाखवून देणारा कोणी उरत नाही.

आता साधनाचा विचार. केवळ ‘मी निःपक्षपाती राहीन’ हा संकल्प पुरेसा नाही. इंद्रियाला नियमाचे कुंपण लागते. अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७०च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी होते. पुढे तेथील वाद्यवृंदांनी उमेदवाराला पडद्याआड बसवून केवळ वादन ऐकण्याची पद्धत स्वीकारली. पादत्राणांच्या आवाजावरून ओळख पटू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरला. १९९७ पर्यंत ते प्रमाण सुमारे २५वर गेले. या वाढीस इतरही कारणे असतील, पण पडद्यामागचा विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे. परीक्षकाचा कान चांगला होता. डोळा मध्ये येत होता. आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालतात तो याच न्यायाने.

गृहस्थ साधकाने आपल्या कामात इतके तरी नियम पाळावे:

१. अर्ज पाहण्यापूर्वी कामाला कोणते गुण हवेत ते लिहून ठेवावे. शक्य तेथे नावे झाकून अर्ज वाचावे.

२. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावे.

३. सभेत जो सर्वांत कनिष्ठ अथवा सर्वांत नवा, त्याचे मत प्रथम ऐकावे.

४. कोणाची चूक दिसल्यास, ‘हीच चूक माझ्या भाच्याने केली असती तर मी काय म्हटले असते?’ असे स्वतःस विचारावे. सहाव्या अध्यायाच्या ३२व्या श्लोकातील आत्मौपम्य ते हेच.

५. रात्री प्रार्थनेच्या वेळी, आज कोणाचे बोलणे आपण पूर्ण न ऐकताच तोडले, याचे स्मरण करावे.

वरिष्ठांवर हे उत्तरदायित्व अधिक आहे. कारण श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात, हे भगवंतांचेच सांगणे आहे.

हस्तिनापुरात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येची परीक्षा चालली असता एक अनोळखी तरुण रंगभूमीवर उतरला. अर्जुनाने केले ते सर्व त्याने करून दाखविले. तेव्हा त्याला कुळ विचारण्यात आले आणि त्याची मान खाली गेली. भीमाने त्याला सूतपुत्र म्हणून हिणविले. तो कर्ण होता, पांडवांचा ज्येष्ठ बंधू. ज्याला परका म्हणून हसले तो त्यांच्याच मातेच्या उदरातून जन्मलेला होता, आणि हे त्यांना कळले तेव्हा त्याला तिलांजली देण्यापलीकडे काहीही उरले नव्हते. कचेरीच्या दाराशी अर्ज हाती घेऊन उभा असलेला अपरिचित मनुष्यही त्याच एका परमपित्याचे लेकरू आहे. त्याला वेळीच ओळखण्याची दृष्टी श्रीहरी सर्वांना देवो.