पडदा कोणत्या खिडकीला?

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील नव्या वसाहतींत घर बांधून झाले की शेवटचा मोठा खर्च पडद्यांचा निघतो. भिंतीच्या रंगाला शोभेल असा पडदा, पडद्याला शोभेल असे सोफ्याचे कापड आणि साऱ्या घराचा एकच मेळ! ही हौस निषिद्ध आहे काय? मुळीच नाही. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे सूरह आराफमध्ये स्पष्ट आहे. शिवाय घाटाखालच्या तालुक्यांतील वैशाखाचे ऊन ज्याने सोसले आहे, तो जाड पडद्याला चैन म्हणणार नाही. आपले वडीलधारे दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत, त्या याचसाठी.

परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातील एक प्रसंग पाहा. आपण (स.) मोहिमेवर असताना ह. आयेशा (र.) यांनी दाराला एक शोभिवंत कापड लावले. परतल्यावर ते पाहताच आपल्या (स.) चेहऱ्यावर नाराजी उमटली. आपण (स.) ते ओढून फाडले आणि सांगितले की, दगड-मातीला वस्त्रे नेसविण्याची आज्ञा अल्लाहने आपल्याला दिलेली नाही. त्याच कापडाच्या ह. आयेशा (र.) यांनी दोन उशा शिवल्या व त्यांत खजुरीचा काथ्या भरला. त्याला मात्र आपण (स.) हरकत घेतली नाही. कापड तेच होते. भिंतीवरून उतरून ते माणसाच्या उपयोगी आले.

लाडकी कन्या ह. फातिमा (र.) यांच्या दारी नक्षीदार पडदा दिसला, तेव्हा तर आपण (स.) आत न जाताच परतले. काय करावे, असे विचारल्यावर तो पडदा एका गरजू कुटुंबाकडे पाठविण्यास सांगितले. आपल्या गल्लीत असे कुटुंब नाही, असे आपल्यापैकी कोण म्हणू शकेल? आणि उसनवारी करून मखमल टांगणाऱ्याने तर हा प्रसंग दोनदा वाचावा.

आता एक गोष्ट कटू वाटली तरी सांगतो. आपल्या अनेक घरांत दिवाणखान्याच्या पडद्याला झालर असते आणि गल्लीकडील स्वयंपाकघराच्या काचेवर पिवळे पडलेले वर्तमानपत्र चिकटविलेले असते. पाहुण्यांच्या नजरेसाठी हजारो रुपये, आणि दिवसभर चुलीपुढे राबणाऱ्या आई-बहिणीच्या आडोशासाठी जुनी ओढणी! सूरह नूरमध्ये फजरच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी व इशाच्या नमाजनंतर घरातील मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे, असा आदेश आहे. ज्या धर्माने एकांताला एवढा मान दिला, त्याच्या अनुयायांच्या घरात पडद्याचा पहिला हक्क न्हाणीघर, स्वयंपाकघर व निजण्याच्या खोलीचा आहे. मग दिवाणखाना. तेथे साधा सुती पडदाही पुरतो, आणि आपला मुलूख तर कापसाचाच आहे.

शेजाऱ्याच्या अंगणावर उघडणारी खिडकीही विसरू नका. तिचा पडदा आपल्यासाठी नसून त्याच्या घरातील स्त्रियांसाठी आहे.

तेव्हा दुकानात माप देण्यापूर्वी एका संध्याकाळी, मगरिबनंतर, घरातील सारे दिवे लावा. मग बाहेर या, आणि गल्लीतून व शेजाऱ्याच्या बाजूने आपल्याच घराकडे एकदा पाहा. कोणत्या खिडकीपासून आरंभ करावा, हे तेथेच कळेल.