कुरवपूरची माय आणि आपलं वावर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

मार्गशीर्ष लागला की आपल्या वाशीम जिल्ह्यात दोन गोष्टी सोबतच येतात. वावरात तुरीच्या शेंगा भरत असतात, हरभऱ्याला पाणी चालू असतं. आणि इकडे घरोघरी, मंदिरोमंदिरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. आपलं भाग्य असं, की ज्या कारंज्यात श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज जन्माला आले ते कारंजे आपल्याच जिल्ह्यात आहे. दुसऱ्यांना जिथं येण्यासाठी रेल्वे अन् एस. टी. धरावी लागते, तिथं आपण सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला येतो.

पण जवळ राहणाऱ्याला पाहायचं राहून जातं, तसंच नेहमी वाचणाऱ्याचं होतं. सात दिवसांत पोथी पुरी करायची असते. जीभ पुढं धावते, मन मागं राहतं. म्हणून यंदा पोथीतल्या तीनच ठिकाणी थांबावं अशी विनंती करतो.

पहिलं ठिकाण पीठापूर. श्रीपाद श्रीवल्लभ सोळा वर्षांचे झाले आणि घर सोडून निघाले. आई सुमतीनं काय म्हटलं? या घरात आधीची दोन मुलं होती, एक डोळ्यानं आंधळा, दुसरा पायानं पांगळा. आईला चिंता पडली, की हा एक धड लेक निघून गेला तर आमच्याकडे कोण पाहणार. श्रीपादांनी त्या दोघा भावांकडे अमृतदृष्टीनं पाहिलं, ते दोघं धड झाले, आणि आईबापांची सेवा त्यांच्याच हाती सोपवून महाराज निघाले. बरं का, भक्तहो, सेवा त्याच दोघांच्या हाती सोपवली.

दुसरं ठिकाण कुरवपूर. आठवा अध्याय. एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा मंदबुद्धी. बापानं शिकवलं, मारलं, पण काही येईना. पुढं बाप गेला. मायलेक भिक्षा मागून जगू लागले. बापासारखा बाप आणि पोटी असा दगड, असं लोक तोंडावर बोलत. एक दिवस त्या पोराला ते सहन झालं नाही. तो जीव द्यायला कृष्णेकडे निघाला, आणि मायही त्याच्या मागं निघाली. काठावर श्रीपाद श्रीवल्लभ होते. त्यांनी दोघांना थांबवलं. दुःख विचारलं. मायेला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं. मग त्या पोराच्या मस्तकावर हात ठेवला.

तिसरं ठिकाण आपलं कारंजे. ती कुरवपूरची मायच पुढच्या जन्मी इथं अंबा म्हणून आली, आणि महाराजांनी तिच्या पोटी अवतार घेतला. ते बालक तरी कसं? जन्मताच ओंकार म्हणालं आणि त्यानंतर सात वर्षं ओंकाराशिवाय शब्द नाही. गावात बोभाटा झाला, की माधव-अंबेचा पोरगा मुका आहे. मुक्याची मुंज कशाला लावता, म्हणून चार लोक हसले. तरी मुंज लागली, आईनं भिक्षा घातली, आणि त्या मुक्या म्हटलेल्या मुखातून वेद निघाले.

आता ही तीन ठिकाणं सोबत ठेवून पाहा. आपल्या संप्रदायाच्या पहिल्या तीन घरांत एक आंधळा आहे, एक पांगळा आहे, एक मंदबुद्धी आहे, आणि जगानं मुका ठरवलेला एक आहे. महाराजांना राजवाडा मिळाला नसता काय? पण त्यांनी अशाच आया निवडल्या.

हे का सांगतो? आपल्या गावात अशा घराकडे पाहून आजही लोक हळूच बोलतात, 'मागल्या जन्माचं काहीतरी असंन.' भक्तहो, पोथी डोक्यावर घेऊन मिरवणाऱ्यानं तरी असं बोलू नये. ज्या माउलीच्या ओटीत मंदबुद्धी लेकरू होतं, तिचीच कूस महाराजांनी पुढं कारंज्यात धरली. त्या घराला पापी म्हणायचं, तर मग पुण्यवान घर कुठं शोधायचं?

मी मूळचा शाळामास्तर. निवृत्तीनंतर गावोगावी प्रवचनाला जातो. कीर्तन-प्रवचन संपलं, लोक पांगले, की एखादी बाई मागं थांबते. पदर सावरते, इकडेतिकडे पाहते, आणि म्हणते, "गुरुजी, पोरी उजवल्या, घर बांधलं, सारं झालं जी. पण माह्यामागं याचं कसं होईन?" सोबत पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा असतो. दाढी आलेली, पण हात मायेच्या पदराला. एका माउलीनं तर सांगितलं, की मी रोज दत्ताला मागते, याला माह्याआधी एक दिवस ने.

भक्तहो, ही कृष्णेच्या काठावर उभी असलेली तीच माय आहे. नदी दिसत नाही, एवढाच फरक.

लहानपणी लेकराला सगळे खेळवतात. शाळेत नाव असतं, दुपारची खिचडी असते. अठरा वर्षं झाली की शाळा संपते, सरकारी बालगृहाची मुदत संपते, आणि मग घराची ओसरी उरते. सकाळी ओसरीवर बसायचं, संध्याकाळी आत जायचं. असं वर्षानुवर्षं. जेवायला मिळतं, पण 'तू ये, तुझी वाट पाहत होतो' असं म्हणणारं कुणी नाही.

आपल्या विदर्भानं यावर वाट दाखवली आहे. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ वझ्झर म्हणून गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली दिव्यांग लेकरं सांभाळली. कुणी रेल्वेच्या फलाटावर सापडलेलं, कुणी कचऱ्यात. गाडगेबाबांचा वारसा मानणारा हा माणूस. लेकरांच्या कागदावर बापाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लावलं. ओसाड बरड्यावर त्याच लेकरांच्या हातून हजारो झाडं लावून घेतली, जगवली. कित्येकांची लग्नं लावून दिली. अठरा वर्षं झाली म्हणून एकालाही दाराबाहेर काढलं नाही, आणि अशा मुलांना जन्मभर आसरा मिळावा असा कायदा करा, म्हणून सरकारकडे वर्षानुवर्षं धरणं धरलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्याआधी १९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं, ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर. जागा खडकाळ. विहीर खोदली, भाजीपाला पिकवला, तर गावात तो कुणी विकत घेईना. पुढं बाहेरदेशीचे तरुण येऊन तिथं राबले, त्यांच्या पंगतीला जेवले, तेव्हा लोकांची भीती मोडली. पुण्याकडे मुळशी तालुक्यात कोळवणजवळ साधना व्हिलेज आहे. तिथं मंदबुद्धी म्हटलेली मोठी माणसं घरासारख्या घरांत राहतात, आणि त्यांना 'विशेष मित्र' म्हणतात.

कुणी म्हणेल, या मोठ्या संस्था झाल्या, आपण साधे शेतकरी. तर साध्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगतो. युरोपात बेल्जियम देशात गील नावाचं गाव आहे. तिथं डिम्फना नावाच्या संत स्त्रीचं देऊळ आहे. बुद्धी फिरलेल्या, मन बिघडलेल्या माणसांना घेऊन लोक तिथं नवसाला येत, जसे आपल्याकडे गाणगापूरला येतात. देवळात जागा पुरेना, म्हणून गावातल्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं. त्याला कितीतरी शतकं झाली. ती माणसं शेतात काम करत, घरच्याच ताटात जेवत. मागच्या शतकात एक वेळ अशी होती, की त्या एका गावानं ३ हजारांहून अधिक माणसं घरोघरी वाटून घेतली होती. आजही तिथली काही घरं ही रीत पाळतात. देऊळ आपल्याकडेही आहे, घरं आहेत, वावरं आहेत.

आमच्या घरचं सांगतो, मोठेपणा म्हणून नव्हे. माझा पुतण्या आता सव्वीसचा. अक्षर आलं नाही, दहाच्या पुढं मोजता येत नाही. पण कोणती गाय आज कमी खाते आहे, हे आमच्याआधी त्याला कळतं. सकाळी शेण काढणं, कुटार टाकणं, पाणी पाजणं, हे काम त्याचं. आम्ही गावाला गेलो तरी त्यात खंड नाही. त्याला पाहून शेजारचा एक मुलगा येऊ लागला, मग एक मुलगी. थोडं कोरडवाहू, विहिरीवर एक एकर ओलित, एवढंच आमचं वावर. मुलगा सांबाराच्या जुड्या बांधतो. मुलगी तुरीच्या शेंगा तोडते, निवडते; माझी घरवाली सतत तिच्याजवळ असते.

यांना वावर का मानवतं, याचा मी विचार केला. गाय कुणाला हसत नाही. रोप 'लवकर कर' म्हणून ओरडत नाही. रोज तेच काम, त्याच वेळी, त्याच जागी, हे आपल्याला कंटाळवाणं वाटतं. पण त्यांना त्याचाच आधार वाटतो. आणि काल टाकलेलं बी आज वर आलेलं डोळ्यांनी दिसतं. ते दाखवायला मुलगा सगळ्यांना हाताला धरून नेतो.

पण काही गोष्टी पाळाव्या लागतात, त्या स्पष्ट सांगतो. विहिरीवर एकट्याला पाठवायचं नाही. फवारणीच्या दिवशी वावरात आणायचं नाही. मळणीयंत्राजवळ उभं राहू द्यायचं नाही. मिरगी येत असेल तर औषधाची वेळ चुकवायची नाही, आणि आग, पाणी, उंच जागा यांपासून दूरचं काम द्यायचं. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही करून दाखवायचं. मुलीजवळ घरची बाई हवीच.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पैशाची. दिवसभर राबवून घ्यायचं आणि जेवू घातलं म्हणून सेवा केली असं समजायचं, हा अधर्म आहे. काम अर्धं झालं तर अर्ध्याचे द्या, पण त्याच्या हातावर द्या. पहिले पैसे मिळाले तेव्हा शेजारच्या मुलानं मायेसाठी बांगड्या घेतल्या. माय दोन दिवस रडत होती.

कागदाचंही पाहा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं ओळखपत्र काढून ठेवा. मूल अठराचं झालं की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मोठ्या मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची सोय आहे. ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे असतं. आपण धडधाकट आहोत तोवर, भाऊ-बहीण-पुतण्या यांच्यात कोण पालक होणार हे ठरवून अर्ज करा. 'माह्यामागं कसं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

उरलेलं अर्धं गावानं द्यायचं. कुरवपूरला महाराजांनी किती गोष्टी केल्या ते पुन्हा आठवा. नदीकडे जाणाऱ्यांना थांबवलं, दुःख ऐकून घेतलं, मायेला करायला काही सांगितलं, आणि शेवटी मस्तकावर हात ठेवून बुद्धी दिली. शेवटची गोष्ट महाराजांची. ते सामर्थ्य आपलं नाही, आणि त्याचा भरवसा कुणाला देऊही नये. अंगारे-धुपारे करत दारोदार हिंडवणाऱ्यांपासून या आयांना सांभाळा. पण पहिल्या तीन गोष्टींना सिद्धी लागत नाही. थांबवता येतं, ऐकता येतं, उद्या सकाळी करायला काहीतरी देता येतं.

दत्तमहाराजांनी अवधूतरूपानं चोवीस गुरू केले. त्यात पृथ्वी आहे, अजगर आहे, मान-अपमान न कळणारं बालकही आहे. जग ज्यांना काही शिकवण्याजोगे समजत नाही, त्यांच्यापुढं ते शिष्य होऊन बसले. माझ्या पुतण्याकडून मी एक शिकलो. रोज सकाळी कोठ्यात शिरताना तो प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवतो, मगच कामाला लागतो. एकही सोडत नाही. माझ्या जपात मणी सुटतात, त्याची गाय सुटत नाही.

यंदाच्या दत्तजयंतीला मंदिराच्या विश्वस्तांना आणि आपल्या सर्वांना एकच मागणं आहे. महाप्रसादाला अशी मुलं येतात, आपण त्यांना कोपऱ्यात बसवून आधी वाढून मोकळे होतो. यंदा त्यांच्या हाती पत्रावळी द्या, वाढू द्या. चार सांडतील, सांडू द्या. आणि ज्यांच्याकडे वावर आहे, विहीर आहे, दोन जनावरं आहेत, त्यांनी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या अशा एका घरी जावं आणि म्हणावं, "बाई, उद्या सकाळी याला आमच्याकडे पाठवा. काम आहे."

दत्तमहाराज भिक्षेला कोणत्या रूपात येतील सांगता येत नाही, असं आपण म्हणत आलो. ओसरीवर बसलेला तो मुलगा कधीपासून वाट पाहत आहे. त्याला पीठ नको, त्याला बोलावणं हवं आहे. कारंज्याच्या अंबामातेनं ज्या हातानं भिक्षा घातली, ती बुद्धी महाराज आपल्याला देवोत, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥