हाडांतल्या वाटा

माणूस कणखर असावा, असे म्हणताना आपल्या मनापुढे हाड असते. 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा शेतकरी' असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु खरे हाड कधीच सर्व बाजूंनी बंद नसते. कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते; तेथून मेंदू मज्जारज्जूला जाऊन मिळतो. मानेच्या मणक्यांनाही दोन्ही अंगांस छिद्रे असतात, आणि बहुधा त्यांतल्या वरच्या सहांतून मेंदूला रक्त पुरविणारी धमनी चढत जाते. मांडीच्या हाडाएवढे दणकट हाड शरीरात दुसरे नाही. त्यालाही बारीक भोक असतेच, आणि तेथून आत शिरणाऱ्या रक्तावर त्याचे पोषण होते.

ही भोके कोणी मागाहून पाडलेली नसतात. गर्भात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बहुधा आधी येतात. हाड त्यांच्याभोवती नंतर धरते, आणि धरताना त्यांना वाट सोडते. आमच्या शहरातही काहीसे असेच घडले. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली उभारला. औरंगजेबाने शहराला तट घातला तो १६८२ साली. दरवाजा आधीचा, तट मागाहूनचा. आज तट बराचसा ढासळला आहे. काही दरवाजे मात्र उभे आहेत.

नियमांचेही असेच नसते काय? मुलाचे शिकणे बुडू नये म्हणून शाळेची वेळ ठरली. पहाटे बापाच्या भाजीच्या गाडीला हात लावून धापा टाकीत आलेल्या मुलाला आपण त्याच नियमाने फाटकाबाहेर उभे करतो. नियम पाळला जातो. शिकणे तेवढे बुडते.

कोणी विचारील, ज्याच्या त्याच्यासाठी भोक ठेवले तर भिंत उरेल कशी? शंका रास्त आहे. आतून झिजून पोकळ झालेले हाड साध्या धक्क्याने मोडते. पण झिजेची पोकळी वेगळी आणि वाट वेगळी. हाडातली वाट कशासाठी आहे हे ठरलेले असते, आणि तिच्या कडा शाबूत असतात.

याउलट उतारवयात मणक्यांना हाडाचे कंगोरे फुटतात. वाट अरुंद होते, मज्जातंतू चेपतो, आणि कमरेपासून पावलापर्यंत कळ जाते. येथे हाड कमी पडलेले नसते. नको तेथे वाढलेले असते.

वयाबरोबर मतेही अशीच वाढतात, आणि त्या वाढीला आपण निष्ठा म्हणतो. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसाने आपली मते अधूनमधून चाचपून पाहावीत. त्यांच्याखाली कोणाची वाट तर बुजली नाही ना, एवढेच पाहायचे.