भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी पडली का?



मागच्या महिन्यात आम्ही पाचजणी लिंबायतला एका काकांना भेटायला गेलो. खान्देशातून येऊन तीसेक वर्षं लूमच्या खात्यात राबलेला माणूस. अँजिओप्लास्टी होऊन पंधरा दिवस झाले होते, रिपोर्टही चांगले होते. पण काका रात्रभर बसून राहायचे. झोपलो आणि उठलोच नाही तर? सांगताना त्यांचे डोळे भरले, तशा आम्ही एका सुरात म्हणालो, "काका, रडायचं नाही! सद्गुरू पाठीशी असताना भीती कसली?" काका गप्प झाले. आम्ही आरती म्हटली, प्रसादाचे पेढे दिले (हार्ट पेशंटला पेढे, हेही तेव्हा सुचलं नाही!) आणि समाधानाने रिक्षात बसलो.

चार दिवसांनी काकूंचा फोन. "तुम्ही गेल्यापासून बोलतच नाहीत. म्हणतात, माझी श्रद्धाच कमी, म्हणून भीती वाटते."

काळजात चर्र झालं. दुखणं होतंच, त्यावर आम्ही अपराधाचं ओझं ठेवून आलो होतो.

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खोल नैराश्य येतं. कॅनडातल्या माँट्रियलच्या १९९३ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा रुग्णांच्या जिवाला पुढच्या सहा महिन्यांत धोकाही जास्त असतो. गोळी चुकली तर आपण रागावतो, मग मनाचं विचारायला का कचरतो? गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं, त्यात खाण्या-चालण्याइतकंच मनाबद्दलही आहे.

आमच्यातल्या एका ताईंचं म्हणणं, असं रडू दिलं तर माणूस आणखी खचतो, नाम घ्यायला लावावं. नामाने शांत झोप लागलेली माणसं आम्हीही पाहिलीत. पण नाम काय तोंड बंद करायला द्यायचं? तुकोबा विठ्ठलाशी भांडले, त्याच्यापुढे रडले, ते अभंग आपण टाळ घेऊन गातो. त्यांना कुणी अश्रद्ध म्हणत नाही. मग "रडू नका" आम्ही काकांसाठी म्हणालो, की आम्हालाच बघवेना म्हणून?

पुन्हा गेलो. या वेळी नुसत्या बसलो. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "खात्यात खडखडाट असायचा. आता रात्री घर शांत झालं की छातीतला ठोकाच ऐकू येतो." मग लूमवर परत घेतील का, घर कसं चालेल, सगळं निघालं. रडलेही. आम्ही पाणी दिलं.

पुढच्या तपासणीला काकूंनी झोपेचं आणि भीतीचंही डॉक्टरांना सांगितलं. आता दर रविवारी आमच्यातल्या दोघीच जातात. पाचजणींनी जायचं बंद केलंय.