दोरी कोणाच्या हाती?



माणसे सोडून डोंगरावर जाऊन बसणे, ही भक्ती की पळवाट? प्रश्न जुना आहे. जो समाजात राहू शकत नाही तो एक तर पशू असेल किंवा देव, अशा अर्थाचे विधान ॲरिस्टॉटलने केले होते. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी संत बेसिल यांनी, एकट्याने राहणारा संन्यासी पाय कोणाचे धुणार, असा सवाल केला.

ग्रीस देशातील मेटिओराचे मठ पाहिले की प्रथम हाच सवाल मनात येतो. थेसली प्रांतात, कालांबाका गावाच्या पाठीशी खडकाचे प्रचंड सुळके सरळ उभे आहेत. 'मेटिओरा' म्हणजे अधांतरी. येथील कड्यांमधल्या नैसर्गिक कपारींत शेकडो वर्षांपूर्वी एकांतवासी संन्यासी राहू लागले. चौदाव्या शतकात संत अथानासिओस यांनी एका सुळक्यावर मोठा मठ स्थापन केला. भरभराटीच्या काळात तेथे २४ मठ होते. आपल्या ऑर्थोडॉक्स बंधू-भगिनींचे सहा मठ आजही नांदते आहेत, त्यांपैकी दोन धर्मभगिनींचे.

या संन्याशांनी जगाशी नाते तोडले होते का? आठवडाभर आपापल्या कपारीत राहणारे ते एकांतवासी रविवारी खाली उतरत आणि दुपिआनी येथील पवित्र मरियेच्या चॅपेलमध्ये एकत्र उपासना करीत. १९२० च्या दशकात खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या. तोपर्यंत वर जायला शिड्या होत्या, नाही तर दोरीची जाळी. माणूस जाळीत बसे आणि वरचे बंधू विहिरीवरच्या रहाटासारखे चाक फिरवून त्याला ओढून घेत. जाळीत बसलेल्याला स्वतःला वर ओढता येत नाही. एकांताकडे नेणारी दोरी दुसऱ्याच्या हातात होती.

मेटिओरापासून काही किलोमीटरवर थिओपेत्रा नावाची नैसर्गिक गुहा आहे. एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी तेथे माणसांचा वावर होता. लहान मुलांच्या पावलांचे ठसेही सापडले आहेत. गुहेच्या तोंडाशी सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीची दगडी भिंत आहे. हिमयुगातील थंडी अडवण्यासाठी ती रचली असावी, असे तज्ज्ञांना वाटते. कोणीतरी गारठलेल्या हातांनी दगड वाहिले, म्हणून आतल्यांना ऊब मिळाली.

प्रभू येशूही पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात असे आणि मग शेजारच्या गावांकडे निघत असे. म्हणून सेवा हीच प्रार्थना, वेगळा एकांत कशाला, असे म्हणून चालणार नाही. जिला क्षणाचीही उसंत नाही, त्या सेवेत हळूहळू चिडचिड शिरते. एकांत हवाच. पण तो कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण देतो, हा नीतीचा प्रश्न आहे.

घरातील कर्ता पुरुष तीन दिवस रिट्रीटला जातो. त्याचे मन शांत होते, आनंद आहे. त्या तीन दिवसांत मुलांचे डबे, गुरांचे पाणी, आजारी आईचे औषध कोणी पाहिले? त्याची दोरी पत्नीने धरली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या त्या सुनेलाही अर्धा तास डोळे मिटून प्रभूपाशी बसावेसे वाटत असेल. तिच्यासाठी चाक कोण फिरवणार?

आणखी एक एकटेपण आपल्या गावात आहे. मुले परदेशी गेली, जोडीदार देवाघरी गेला आणि म्हातारे माणूस चार भिंतींत उरले. हा एकांत त्याने मागितलेला नाही. त्याच्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्याच हाती नाही.

कड्यावरचा संन्यासी पळपुटा की भक्त, हे उंचीवरून ठरत नाही. खालच्याला वर घ्यायला तो चाकापाशी उभा राहतो का, यावरून ठरते. आपल्यालाही हीच कसोटी लागू आहे. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर कोणाला तरी म्हणा, "तू जरा बस, मी बघतो." आणि वाटेत एखादे बंद दार असेल, तर ते ठोठावा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू