बँकेला न दिसणारा हिशेब

कर्जाची पात्रता कळली की घर किती किमतीचे घ्यायचे हे ठरले, अशी आज बहुतेक नोकरदार घरांची समजूत आहे. पगाराच्या पावत्या, खात्याचे उतारे आणि सिबिलचा आकडा पाहून बँक एक रक्कम सांगते. तिच्यात हाताशी असलेली पुंजी मिळवली, की वाकड परवडते की चाकण, ठाणे परवडते की बदलापूर, याचा निकाल लागतो. हा क्रमच उलटा आहे, असे मला वाटते. बँकेचा आकडा बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून काढलेला असतो. निव्वळ पगाराच्या निम्म्यापर्यंत, कधी त्याहून अधिक हप्ता बसला तरी तिची हरकत नसते. वडिलांच्या औषधांचा खर्च, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी दिलेला शब्द, गावच्या घराच्या डागडुजीला दर वर्षी जाणारे पैसे, बाळासाठी दोनेक वर्षे नोकरी सोडण्याचा सुनेचा विचार, यांतले काहीही सिबिलच्या अहवालात उमटत नाही. ते घरातल्यांनाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा घरातल्या एकेकट्यालाच. म्हणून नव्या घरासाठी पैशांची जुळवाजुळव करायची तर पहिली बैठक घरात, सगळ्यांसमक्ष व्हायला हवी. बँकेची पायरी त्यानंतर चढावी.

आधी साधे आकडे घेऊ. पुण्यात बांधकाम चालू असलेला 70 लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त 56 लाख आणि पदरचे 14 लाख. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. पण मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 90 हजार होते, नोंदणीचे 30 हजार वेगळे, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नसल्याने 5 टक्के जीएसटीचे आणखी साडेतीन लाख. मुद्रांक आणि नोंदणी या मर्यादेच्या हिशेबात किमतीत धरतच नाहीत, आणि जीएसटीही बहुधा खिशातूनच जातो. पदरचे 14 लाख असे पाहता पाहता 22 लाख 70 हजारांवर पोचतात, म्हणजे किमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश. सोसायटीची अनामत, पार्किंग, पंखे, ओटा, कपाटे हे अजून यायचेच आहे. ताबा मिळेपर्यंत जुन्या घराचे भाडे आणि उचललेल्या कर्जाचे व्याज असा दुहेरी भार असतो तो निराळाच. या टप्प्यावर अडकलेले कुटुंब मग वैयक्तिक कर्ज काढते किंवा दागिने गहाण टाकते, आणि गृहकर्जाहून महाग व्याजाने घराचा शेवटचा तुकडा विकत घेते.

पदरचे पैसे म्हणतो तेही सहसा एका जागी नसतात. काही आजोबांच्या नावच्या मुदत ठेवीत, काही भिशीत, काही अर्ध्यावर आलेल्या विमा पॉलिसीत, काही मामेभावाला दिलेल्या हातउसन्यात. कागदावर बेरीज भरघोस दिसते. गरजेच्या आठवड्यात त्यातले किती हातात येईल हा प्रश्न वेगळा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी अवघे 1,000 रुपये काढायची मुभा होती. घरासाठी साठवलेली रक्कम ज्यांनी तिथे ठेवली असेल, त्यांची पुंजी बुडाली नसली तरी व्यवहाराच्या दिवसापुरती ती नव्हतीच. ठेव विम्याची मर्यादा 2020 पासून पाच लाख झाली खरी, पण सहकारी पतसंस्थांतल्या ठेवींना ते कवच नाही. गावची जमीन विकून पैसे उभे करू म्हणणाऱ्यांनी तर सातबारा आधी नीट वाचावा. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला आहे. बहिणींची सही गृहीत धरून बिल्डरला तारीख देणे हा हिशेब नव्हे, दांडगाई आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: इतका विचार करत बसलो तर भाव हातचे जातील. भाव वाढतात हे खरेच. पण व्याजाचा दरही एका जागी बसत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. 2021 च्या अखेरीस 6.7 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 50 लाखांचे कर्ज काढणाऱ्याचा हप्ता साधारण 37,900 होता. दर 9.2 झाल्यावर तोच हप्ता कसाबसा व्याजालाच पुरू लागला आणि मुद्दल जागच्या जागी राहिले. बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली, तेव्हा अनेकांना हे कळलेही नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये बजावावे लागले. पुढे दर उतरलेही. मुद्दा असा, की दर अडीच टक्क्यांनी चढला तरी जे घर पेलेल तेच खरे परवडणारे. बुकिंगआधी सहा महिने भावी हप्ता आणि आजचे भाडे यांतला फरक वेगळ्या खात्यात टाकून ही रंगीत तालीम करता येते. तेवढ्यात भाव फार पुढे गेला तर घर थोडे लहान घ्यावे. ओढाताण लहान होत नाही.

पगार वाढेल आणि कर वाचेल, हा दुसरा युक्तिवाद. पगार वाढतो, पण शाळेची फी आणि आईवडिलांचे वयही वाढते. करसवलतीचे म्हणाल, तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

खरा गंभीर आक्षेप तिसरा आहे: घरात पैशांची चर्चा उघडली की मने दुखावतात. दुखावतात, यात शंका नाही. मुलाला वडिलांचे जुने कर्ज कळते, सासूला सुनेचा पगार कळतो. पण ही माहिती झाकून राहत नाही. ती हप्ते सुरू झाल्यावर बाहेर येते, आणि तेव्हा मागे फिरायला वाट नसते. शिवाय गप्प राहण्याची किंमत सगळ्यांवर सारखी पडत नाही. पुंजीत भर घालायला पहिल्यांदा निघते ते बहुधा बायकांचे सोने. कायद्याने स्त्रीधन तिचे एकटीचे असते, तरी ते मोडताना कुणी लिहून ठेवत नाही आणि करारनाम्यावर नाव लागते नवऱ्याचे. 2021 पासून महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; पुरुषाचे नाव सोबत आले की ती जाते. वरच्या उदाहरणात ती 70 हजारांची होते. मालकी तिची असली तरी पती सहकर्जदार राहू शकतो, फक्त मालक नसल्याने व्याजाची वजावट त्याला मिळत नाही. ही देवघेव प्रत्येक घराने आपापली तोलावी. पण फरशीच्या दरात फुटामागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या घरांत, नाव कोणाचे लावायचे हा प्रश्न नोंदणीच्या दिवसापर्यंत बहुधा कुणी विचारतही नाही.